लगीन राहिलं असेल, संसार राहिला नाही



अध्यक्षाने शेवटी गोडगोड बोलून सभा मोडायची असते. मला ते जमणार नाही. मघाशी याच मंचावरून सांगितलं गेलं, की सामूहिक विवाह लावून आम्ही आदिवासी जोडप्यांना इज्जत मिळवून दिली. कोणी दिली? कोणाला? ज्या आईबापांवर त्यांच्याच पोरांनी मांडवात अक्षता टाकल्या, ते काल बेइज्जत होते का?

सुरगाण्यात, पेठमध्ये, पलीकडे जव्हार-मोखाड्यात माणसं एकमेकांना पसंत करतात, घर मांडतात आणि गाठीला पैसा आला की लगीन लावतात. कधी लेक दहावीला पोचते, तरी आईच्या अंगाला हळद लागलेली नसते. पाडा त्यांना नवराबायकोच मानतो. दिवाळी झाली की ती दोघं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत मजुरीला जातात, एकाच पालात राहतात, पावसाआधी परत येऊन नागलीसाठी राब भाजतात. एक आजारी पडला तर दुसरा दोघांचं काम ओढतो. प्रेमाचा याहून मोठा दाखला कोणत्या कचेरीत मिळतो, मला दाखवा. हेच शहरातल्या फ्लॅटमध्ये घडलं तर ते स्वातंत्र्य आणि आमच्या पाड्यावर घडलं तर मागासलेपण, हा न्याय मी मानत नाही.

लगीन का लांबतं, हे गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो'मध्ये वाचा. शेजारच्या, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वारली माणूस लग्नासाठी जमीनदाराकडून रक्कम उचलायचा आणि ती फेडायला बायकोसकट त्याच्या दारी राबायचा. लग्नगडी म्हणत त्याला. 1945 साली वारली उठले, ते ही गुलामी मोडायला. मग कर्ज न काढता आधी संसार उभा करणारं जोडपं अडाणी कसं? त्यांनी सावकाराला दारात येऊ दिलं नाही!

आता तोच सावकार आपण हाताला धरून घरात आणतोय. डीजे पाहिजे, मोठा मांडव पाहिजे, पोरगा पगारावर असेल तर मोटारसायकलही पाहिजे. आपल्याकडे मुलाकडून मुलीच्या बापाला देज जायचं. पोरीचं मोल करणारा तो व्यवहारही मला नको आहे. पण शिकून नोकरीला लागलेला आपला मुलगा हुंडा मागतो, तेव्हा तो नेमकं काय शिकला? हुंडा 1961 पासून गुन्हा आहे.

आणि पंचांनो, तुम्हालाही सांगतो. दुसऱ्या जमातीतली, दुसऱ्या जातीतली सोबतीण आणली म्हणून दंड लावाल, घर वाळीत टाकाल, तर 2017 पासून राज्यात सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा लागू आहे. काडीमोड घेऊन पुन्हा घर मांडायची वाट आपल्या बायांना आपल्याच रीतीने दिली. ती अडवणारे तुम्ही कोण? जिला लगीनच करायचं नाही, शिकायचं आहे, कामाला लागायचं आहे, तिच्या मागे मावश्या-आत्यांचा ससेमिरा लावू नका. ती कोणाची राहिलेली जबाबदारी नाही.

1955 चा हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. लगीन कशाला म्हणायचं, हे आपली रीत ठरवते. दीर्घकाळ नवराबायकोसारखं राहणाऱ्यांचा विवाह झाला असंच गृहीत धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये बद्री प्रसाद खटल्यात म्हटलं. 2006 चा वनहक्क कायदा सांगतो, की विवाहितांचा पट्टा नवराबायको दोघांच्या नावे असावा. त्याच पट्ट्यासाठी मार्च 2018 मध्ये सुरगाण्याच्या बाया नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेल्या. त्यांच्या फुटलेल्या पायांचे फोटो देशभर छापून आले. आता त्यातल्या एकीला जरी कोणी म्हणालं, बाई, तुझं लगीन कुठं झालंय, तर ते मी खपवून घेणार नाही.

पेसा कायद्याने रूढी-परंपरा जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तो वापरा. प्रत्येक पाड्यातल्या अशा जोडप्यांना नवराबायको म्हणून ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या, आणि पट्ट्याच्या कागदावर तिचं नाव त्याच्या शेजारी चढवायला लावा. अध्यक्ष म्हणून हा ठराव मी मांडतो. ज्याचा विरोध असेल, त्याने आत्ता, या बायांसमोर उभं राहून बोलावं.