उकडलेल्या दाण्यांचे गाव

बंगळूरच्या नावाविषयी एक आख्यायिका या शहरात लहानथोरांच्या तोंडी आहे. होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ शिकारीच्या नादात रानात वाट चुकला. भुकेने व्याकूळ झालेल्या राजाला एका म्हातारीने झोपडीत होते तेवढे उकडलेले दाणे वाढले. त्या उपकाराची आठवण म्हणून त्या जागेला ‘बेंद काळूरु’, म्हणजे उकडलेल्या दाण्यांचे गाव, असे नाव पडले, आणि त्याचेच पुढे बंगळूर झाले, असे सांगतात. इतिहास या कथेला दुजोरा देत नाही. बेगूर येथील नवव्या शतकाच्या अखेरच्या शिलालेखात बंगळूरचे नाव आलेले आहे. वीर बल्लाळ तर ११७३ मध्ये गादीवर आला. तथापि आहाराचा विचार करणाऱ्याला ही कथा टाकवत नाही. राजाची भूक ओंजळभर दाण्यांनी भागली, हे सांगताना लोकांना त्यात काही उणे वाटले नाही. उलट गावाला त्या दाण्यांचे नाव असल्याचा अभिमानच वाटला.

शाकाहाराची चर्चा बहुधा ‘काय खाऊ नये’ येथून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. मांस वर्ज्य केले की आहार आपोआप हितकर होतो, हा समज घातक आहे. पांढराशुभ्र भात, पाण्यासारखे सार आणि लोणच्याची फोड हे जेवण संपूर्णपणे शाकाहारी असले तरी पोषक मात्र नाही. सर्वांची जेवणे आटोपल्यावर उरलेसुरले घेऊन बसणाऱ्या गृहिणीच्या वाट्याला अनेकदा नेमके हेच येते. भारतातील निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. मांसाहारी कुटुंबांतील स्त्रियाही त्यातून सुटलेल्या नाहीत, तेव्हा केवळ शाकाहाराला बोल लावणे अन्यायाचे होईल. पानातून काय वगळले यापेक्षा पानात काय वाढले, याचाच विचार येथे केला पाहिजे.

बंगळूरच्या आसपासच्या खेड्यांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर म्हणजे रागी, महाराष्ट्रात जिला नाचणी किंवा नागली म्हणतात ती. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच सडलेल्या तांदळात ते दहा मिलिग्रॅमच्या आसपास भरते. नाचणीचा दाणा इतका बारीक की तांदळासारखा तो सडून पांढरा करणे सोपे नाही, त्यामुळे कोंड्यासह सारे सत्त्व पोटात जाते. या धान्याला कोरडवाहू शेतकऱ्याचे धान्य म्हणून दीर्घकाळ हिणवले गेले. कृषिशास्त्रज्ञ सी. एच. लक्ष्मणय्या यांनी मात्र आपले आयुष्य त्यालाच वाहिले. मंड्याच्या संशोधन केंद्रात भारतीय व आफ्रिकी वाणांचा संकर करून त्यांनी ‘इंडाफ’ जाती सिद्ध केल्या आणि नाचणीचे उत्पन्न कितीतरी वाढले. देशातील निम्म्याहून अधिक नाचणी आज एकट्या कर्नाटकात पिकते. असे असूनही शहरात आलेल्या कुटुंबाच्या घरातून प्रथम हद्दपार होते ती तीच, कारण पांढरा भात हे प्रतिष्ठेचे लक्षण ठरले आहे.

नाचणीचे पीठ उकळत्या पाण्यात घोटून केलेला गोळा म्हणजे ‘मुद्दे’. नवख्या माणसाला तो दाताला चिकटतो. वस्तुतः तो चावायचा नसतोच, सारात बुडवून गिळायचा असतो. पुष्कळ घरांत तो मांसाच्या रश्श्याबरोबर खातात, हे सांगितले पाहिजे. बंगळूर हे काही केवळ शाकाहाऱ्यांचे नगर नव्हे. परंतु ‘बस्सारू’बरोबर तो खाल्ला म्हणजे कशाची उणीव भासत नाही. पालेभाजी आणि कडधान्य एकत्र शिजवतात व वरचे पाणी निथळून घेतात. त्या पाण्याचे मसाला घालून सार होते आणि खाली राहिलेल्या भाजीला खोबरे घालून फोडणी देतात. भाजीतील जी सत्त्वे पाण्यात उतरतात, ती पाण्याबरोबर मोरीत जात नाहीत. धान्यातील प्रथिनांत लायसिन या अमिनो आम्लाचे प्रमाण कमी असते आणि कडधान्यांत मेथिओनिनचे. दोन्ही एका पानात आली की एकमेकांची उणीव भरून काढतात. हे शास्त्र ठाऊक नसताना गृहिणींनी ते चवीच्या वाटेने साधले, ही गोष्ट लहान नव्हे.

शहराचे लाडके पदार्थ मात्र नेहमीच या कसोटीला उतरतात असे नाही. १९२४ मध्ये स्थापन झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्स या उपाहारगृहात दुसऱ्या महायुद्धातील तांदळाच्या टंचाईमुळे रवा इडलीचा शोध लागला, असे तेथे सांगण्यात येते. पदार्थ खरोखर रुचकर आहे. तरीही साध्या इडलीतील उडीद त्यातून गेला, ही त्याची किंमत. दह्याने ती थोडीफार भरून निघते, इतकेच.

भिजवलेली मुगाची डाळ, काकडी, खोबरे व लिंबू यांची ‘कोसंबरी’ रामनवमीला येथे घरोघर वाटतात. मराठी कोशिंबिरीची ही सख्खी बहीण रोजच्या पानात असावयास हवी, कारण वनस्पतींतील लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही आणि लिंबातील क जीवनसत्त्व त्याला साह्य करते. उलट, जेवणावर लगेच घेतलेली कॉफी त्या शोषणात अडथळा आणते. बंगळूरकरांना हे ऐकवणे धाडसाचेच! निदान तासाभराचे अंतर ठेवण्यास प्रत्यवाय नसावा. ब-१२ जीवनसत्त्वाविषयी मात्र तडजोड नाही. ते वनस्पतिजन्य अन्नातून मिळेल असा भरवसा धरता येत नाही. दूधदुभते पुरेसे घेणाऱ्यांना त्यातून मिळू शकते, आणि ज्यांनी दूधही वर्ज्य केले आहे त्यांनी ते औषधरूपाने घेतलेच पाहिजे.

एवढा विचार करून जेवावयाचे तर आनंद कोठे राहिला, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर बंगळूरच्या मंडईत डिसेंबर-जानेवारीत मिळते. तेव्हा ‘अवरेकाई’, म्हणजे पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. गिऱ्हाईक शेंग हातात घेऊन आधी हुंगते, कारण थंडीच्या दिवसांतील शेंगेला जो उग्र सुवास असतो तो इतर वेळी नसतो. घरोघर दाणे भिजत पडतात. दुसऱ्या दिवशी सगळे कुटुंब परातीभोवती बसून एकेक दाणा चिमटीत दाबून सालातून बाहेर काढते. यालाच ‘हितकिद बेळे’ म्हणतात. वालाच्या डाळिंब्या सोलणाऱ्या कोकणातील घराला हे दृश्य मुळीच परके वाटणार नाही. त्या दिवशी मुद्द्याबरोबर त्याचेच सार, उपम्यात तेच दाणे, डोशावरही तेच. आणि पुढल्या थंडीपर्यंत त्यांची वाट पाहावी लागते.