नाकावर भिस्त नको



येवल्यात बोलायला उभे राहिल्यावर 13 ऑक्टोबर 1935 हा दिवस आठवतोच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा याच गावात केली. वायुगळतीवरच्या तंत्रज्ञांच्या या परिषदेत ही आठवण काढायला कारण आहे. ज्यांच्या माणूसपणासाठी ती घोषणा झाली, बहुतांशी त्याच समाजांतली माणसे आजही सेप्टिक टँकमध्ये गुदमरून मरतात. 2013 च्या कायद्याने साधनांशिवाय कुणाला गटारात उतरवायला मनाई केली, तरी माणूस उतरतो आणि त्याचे नाक हाच तिथला डिटेक्टर असतो. टाकीतला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू 100 पीपीएमच्या आसपास पोहोचला की नाक बधिर होते. वास थांबला, म्हणजे वायू ओसरला, असे त्याला वाटते आणि तो आणखी एक पायरी खाली जातो.

माणसाच्या नाकाला सुरक्षाव्यवस्थेत धरणे आपण सोडले पाहिजे. आज मला एवढेच सांगायचे आहे.

माणसाच्या भरवशावर राहिले की काय होते, ते जयपूरने दाखवले. 29 ऑक्टोबर 2009 रोजी तिथल्या सीतापुरा इंधन डेपोत पेट्रोल सांडू लागले. व्हॉल्व्हपाशी असलेला ऑपरेटर वाफेनेच हतबल झाला. तासाभराहून अधिक काळ वाफ पसरत राहिली, मग स्फोट झाला. नंतरच्या एम. बी. लाल समितीने टाक्यांच्या परिसरात हायड्रोकार्बन डिटेक्टर आणि दुरून बंद करता येणारे व्हॉल्व्ह हवेत, असे सांगितले. मनमाडजवळचे पानेवाडीचे इंधन डेपो इथून फार दूर नाहीत आणि तिथले टँकर येवल्यावरून जातात. त्यामुळे जयपूर आपल्याला परके नाही.

आता डिटेक्टर बसवण्याविषयी. सेन्सरला समजतो तो त्याच्यापर्यंत पोहोचलेला वायूच. एलपीजी हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. नगर-मनमाड रस्त्यावरच्या हॉटेलात सिलिंडरची बँक असेल, तर डिटेक्टर जमिनीपासून साधारण फूटभर उंचीवर हवा. डिस्प्ले वाचायला सोपा जावा म्हणून तो डोळ्यांच्या उंचीवर लावतात. तिथपर्यंत वायू चढेल तेव्हा खाली ठिणगीची वाट पाहणारा थर तयार झालेला असतो. बर्फाच्या कारखान्यात आणि शीतगृहात अमोनिया. तो हलका, म्हणून सेन्सर छताकडे. पण द्रव अमोनिया फुटून बाहेर आला की त्याचा गार ढग जमिनीलगत सरकतो, हे नकाशा काढणारे विसरतात. कॉम्प्रेसर आणि रिसीव्हरपाशी एक सेन्सर खालीही हवा.

हवेत साधारण दोन टक्के एलपीजी झाला की तो पेट घेऊ शकतो. पहिला इशारा या मर्यादेच्या 20 टक्क्यांवर ठेवतात, म्हणजे हवेत सुमारे 0.4 टक्के वायू असतानाच. दुसऱ्या इशाऱ्याला नुसता हूटर वाजून भागत नाही. वायूचा पुरवठा तोडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह बंद झाला पाहिजे, तोही कुणी धावत जाण्याची वाट न पाहता.

खरी कसोटी मात्र बसवल्यानंतरची आहे. ज्वलनशील वायूच्या कॅटॅलिटिक सेन्सरजवळ कुणी सिलिकॉनचा स्प्रे मारला, तर सेन्सरमधला वायू ओळखणारा मणी निकामी होऊ शकतो. पॅनलवर शून्य दिसत राहते, हिरवा दिवा लागलेला असतो आणि सेन्सर मेलेला असतो. टेस्टचे बटण दाबून हे कळत नाही, कारण त्याने दिवा आणि हूटर तपासला जातो, सेन्सर नव्हे. ठरावीक प्रमाणाचा चाचणी वायू सेन्सरवर सोडावाच लागतो. अमोनियाचा इलेक्ट्रोकेमिकल सेल तर दोन-तीन वर्षांत संपतो, गळती एकदाही झाली नसली तरी.

खोट्या इशाऱ्यांना कंटाळून बायपास मारलेले पॅनल मी पाहिले आहेत, तुम्हीही पाहिले असतील. मला ऑपरेटरचा राग येत नाही. उत्पादन थांबले तर त्याला जाब विचारतात, डिटेक्टर बंद राहिला तर कुणी विचारत नाही. म्हणून प्रत्येक बायपासची नोंद वहीत व्हावी: कुणी मारला, किती वाजता, कधी काढणार, आणि खाली व्यवस्थापकाची सही.

आणि निविदा. आज पैसे मिळतात ते डिटेक्टर भिंतीवर चढवायचे. पुढच्या पाच वर्षांचे कॅलिब्रेशन, चाचणी वायूचे सिलिंडर, बदली सेन्सर आणि ते काम करणाऱ्या कंत्राटी मुलाचा रास्त पगार त्याच निविदेत लिहिलेला नसेल, तर ते काम घेऊ नका.