हाताचा दमसास मोजायचा कसा?



शरीरशास्त्राच्या विषयावर आम्ही बोलावे याचे काहींना नवल वाटेल. पण यंत्रात सापडलेल्या हाताचे मोल टक्क्यांत ठरते, आणि त्या टक्क्यावर एका घराची चूल अवलंबून असते. तो टक्का कशावरून काढला, हे विचारणे आमचे कामच आहे.

1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास 30 टक्के, तर्जनी समूळ गेल्यास 14 टक्के असे आकडे छापले गेले. तुटलेले बोट कोणालाही दिसते. भांडण होते ते शाबूत दिसणाऱ्या, पण काम न पेलणाऱ्या हातावर. तिथे डॉक्टरांचे मत लागते, आणि पुष्कळदा मुठीचा जोर मोजणारा डायनॅमोमीटर पुढे येतो.

यंत्राशी आमचे वैर नाही. पण कोपर वाकवले की सरळ ठेवले, माणूस बसला की उभा, यावर आकडा हलतो. म्हणून 1981 मध्ये अमेरिकेतील हस्तोपचारतज्ज्ञांच्या संस्थेने रीत ठरवून दिली : खुर्चीवर बसावे, दंड अंगाशी, कोपर काटकोनात. 1984 मध्ये मॅथिओवेट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले, की एका दाबापेक्षा तीन दाबांची सरासरी अधिक भरवशाची. एकदा उभ्याने व एकदा बसून मोजायचे आणि मधल्या फरकाला 'सुधारणा' म्हणायचे, हा हिशेब आम्हाला मान्य नाही.

शिवाय जोर निराळा, दमसास निराळा. क्षणभर मूठ आवळणारा माणूस आठ तास मागावर कांड्या बदलू शकेलच असे नाही. ट्यूरिनच्या अँजेलो मोस्सो यांनी गेल्याच्या मागच्या शतकात एर्गोग्राफ बनविला. दोरीला टांगलेले वजन एका बोटाने ठेक्यात पुन्हा पुन्हा उचलायचे, आणि बोट थकत जाते तसतशी रेघ उतरत जाते. गंमत अशी, की विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेऊन आलेल्या प्राध्यापकांचे बोटही लवकर थकले! मग रात्रपाळी करून तपासणीला आलेल्या विणकराचे काय?

फुप्फुसाच्या जुनाट विकाराच्या रोग्यांसाठी आणखी एक चाचणी आहे. समोर चार खुंट्या : दोन खांद्याच्या पातळीवर, दोन त्यांच्यावर 20 सेंटिमीटर. दोन्ही हातांनी कड्या वर चढवायच्या, खाली उतरवायच्या, सहा मिनिटे. आणि हललेल्या कड्या मोजायच्या. आधार नसलेला हात वर धरला की अशा रोग्याला धाप लागते, हे त्यातून कळते. कापसाच्या धुळीने छाती भरलेल्या कामगाराला हे सांगायला नकोच. मात्र दुसऱ्या खेपेस हात सरावतो. म्हणून ती दोनदा घेणे बरे.

'चाचणी विश्वसनीय आहे' एवढ्याने आम्ही गप्प बसत नाही. रोज पन्नास ग्रॅम कमी तोलणारा वाण्याचा काटाही रोज सारखेच तोलतो. सारखेपणा म्हणजे खरेपणा नव्हे. आणि शंभर माणसांवर उत्तम जुळणारी चाचणी एकट्या माणसाच्या बाबतीत दोन-तीन किलोंनी इकडेतिकडे झाली, तर त्या फरकाला पुरावा म्हणता येत नाही.

तेव्हा तपासणीच्या कागदाची प्रत मागा. कोणते यंत्र, कोणती बैठक, किती दाब, कोणत्या पाळीनंतर, हे त्यावर आहे का पाहा. नसेल, तर फेरतपासणीचा अर्ज त्याच दिवशी द्या, आणि कामगार रोज जे उचलतो त्याचे वजन व दिवसातून किती वेळा उचलतो ते अर्जात लिहा.