आधी पाठ बघा, मग सही करा

मागे विंगेत मेकअप करून कधीचे ताटकळलेले विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो,

तुमचे नाच माझ्या भाषणानंतर आहेत, याची मला पूर्ण कल्पना आहे. मीही नर्सिंगच्या होस्टेलवर राहिलेली आहे. प्रमुख पाहुणे कधी खाली बसतात याकडे तेव्हा माझंही लक्ष असायचं. त्यामुळे फार ताणणार नाही.

मघाशी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं परिचारिकेला 'ममतेची मूर्ती' म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्या. मला मात्र या विशेषणाची जरा धास्ती वाटते. मूर्तीची कंबर दुखत नाही, तिला रात्रपाळी नसते आणि महिन्याच्या एक तारखेला पगारही लागत नाही! फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचंही आपण असंच करून ठेवलं आहे. दर १२ मे रोजी त्यांच्या हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा रोगराईनं जास्त मरतात, हे आकडे मांडून त्यांनी सरकारच्या गळी उतरवलं; ते फारसं कुणी सांगत नाही. त्यांची करुणा नोंदवहीत उतरली होती.

अशीच रोजच्या कामात उतरलेली करुणा दाखवणाऱ्या परळच्या केईएम रुग्णालयाबद्दल आज मला बोलायचंय. अरुणा शानभाग हे नाव इथल्या पालकांना माहीत असेल. मुलांपैकी किती जणांना माहीत आहे, मला शंका आहे. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची ही मुलगी केईएममध्ये स्टाफ नर्स होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी ड्युटी संपवून ती तळघरात कपडे बदलत असताना तिथल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर अत्याचार केला, कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला. मेंदूचा प्राणवायू तुटला. अरुणा तेव्हा २५ वर्षांची होती. त्यानंतर ती कधीच उठली नाही. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियानं गेली. मधली जवळजवळ ४२ वर्षं ती केईएममध्येच, चार नंबर वॉर्डाला लागून असलेल्या खोलीत होती, आणि तिचं सगळं तिथल्या सिस्टर करत होत्या.

हल्ल्याची गोष्ट पुष्कळांनी सांगितली आहे. तिच्यावर पुस्तक आलं, नाटक आलं. मला त्या खोलीतलं रोजचं काम सांगायचं आहे, कारण ते तुम्हीच करणार आहात. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना विचारते: अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला पोझिशन किती वेळानं द्यायची? बरोबर, दोन तासांनी. का? माकडहाड, टाचा, खुबा, खांद्याची पाती, जिथे हाड कातडीच्या जवळ असतं तिथे दाब पडतो, रक्त पोहोचत नाही. आधी लाली, मग फोड, मग जखम, आणि ती हाडापर्यंत जायला वेळ लागत नाही. पुस्तकातल्या नियमानं दिवसाला १२ वेळा कूस बदलायची, वर्षाला ४,३८० वेळा. त्यात अरुणाचे सांधे आखडलेले, मनगटं आत वळलेली. अशा रुग्णाचं स्पंजिंग करायचं, ओली चादर ताबडतोब बदलायची, पाठ कोरडी ठेवायची, म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच कळतं. सर्वोच्च न्यायालयाच्या तिच्याबद्दलच्या २०११ च्या निकालात एक गोष्ट आवर्जून लिहिली आहे: इतक्या वर्षांत अरुणाला एकही बेडसोर झाला नाही. मला विचाराल तर भारतीय नर्सिंगला मिळालेलं याहून मोठं प्रमाणपत्र नाही.

आणि फक्त कातडी सांभाळली असंही नाही. तिला मासे आवडतात, चिकन सूप आवडतं, खोलीत गर्दी झाली की ती अस्वस्थ होते, हे सिस्टरना ठाऊक होतं. बोलू न शकणाऱ्या माणसाची आवडनिवड कशी कळते? चेहऱ्याकडे बघून, आणि कालच्या ड्युटीवालीनं आजच्या ड्युटीवालीला सांगून. २०१० मध्ये मलेरिया होईपर्यंत तिला तोंडानं भरवत होते. नाकातून राइल्स ट्यूब घातली की काम किती सोपं होतं, तुम्हाला माहीत आहे. तरी इतकी वर्षं त्या भरवत राहिल्या.

आता मला खरं नवल कशाचं वाटतं ते सांगते. १९७३ मध्ये ज्या अरुणाच्या मैत्रिणी होत्या, त्यांनी तिचं केलं हे समजू शकतं. पण त्या एकेक करून निवृत्त झाल्या. पुढे ज्या मुली आल्या, त्यांतल्या कित्येकींचा जन्मच त्या घटनेनंतरचा. त्यांनी अरुणाला चालताना, हसताना, ओव्हर देताना, म्हणजे पाळी संपल्यावर रुग्ण पुढच्या सिस्टरकडे सोपवताना, कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांना एवढी माया कुठून आली? केईएमच्या एका माजी अधिष्ठात्यांनी ते नोंदवून ठेवलं आहे: विद्यार्थिनींची नवी बॅच आली की तिला अरुणाकडे नेत आणि सांगत, ही आपल्यातलीच आहे. इंजेक्शन शिकवतात तसं हेही शिकवलं गेलं. माया उपजत असते की नाही हा वाद माझ्या मते निरर्थक आहे. केईएममध्ये ती ओव्हरमध्ये दिली गेली आणि घेतली गेली.

१९८० च्या दशकात खाट मोकळी करण्यासाठी तिला दुसरीकडे हलवायचा प्रयत्न महापालिकेनं केला, तेव्हा सिस्टर आडव्या आल्या. पुढे पत्रकार पिंकी विराणी यांनी तिच्या वतीनं दयामरणाची याचिका केली. त्यांनाही मी निर्दय म्हणणार नाही; अशा जगण्याचा अर्थ काय, हा प्रश्न त्यांनी कळवळ्यानंच विचारला होता, आणि त्यावरच्या २०११ च्या निकालामुळे देशात पहिल्यांदा निष्क्रिय दयामरणाला कायद्याची वाट मिळाली. पण अरुणाच्या बाबतीत न्यायालयानं तिला जगू द्या म्हणणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचं ऐकलं. तिच्या वतीनं बोलायचा अधिकार त्यांचा, असं मानलं. रक्ताचं नातं नसलेल्या, रोज तिची पाठ पुसणाऱ्या माणसांना कायद्यानं तिचं आप्त ठरवलं. निवृत्त झालेल्या एका सिस्टरनं तर पगार नको, गाडीभाडंही नको, मी येऊन तिचं करत जाईन असं सांगितल्याची नोंद त्या निकालात आहे.

विश्वस्त मंडळी, आता दोन शब्द तुमच्यासाठी. आज शाल दिलीत, श्रीफळ दिलंत, आभारी आहे. पण अरुणा तळघरात कपडे बदलत होती, हे विसरू नका. तिच्यावरच्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला, त्यात स्वतःच्या सुरक्षिततेचीही मागणी होती. तुमच्या रुग्णालयात या मुलींना कपडे बदलायला आतून कडी लागणारी खोली आहे का? रात्री होस्टेलपर्यंतच्या रस्त्यावर दिवे लागतात का? अध्यापन रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. तुमच्या वॉर्डात रात्री एका मुलीकडे किती खाटा असतात, ते एकदा स्वतः जाऊन मोजा. दोन तासांनी कूस बदलायला प्रेम लागतं, कबूल. पण आधी दोन हात मोकळे लागतात.

आणि मुलांनो, तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. उद्यापासून पोस्टिंगवर ओव्हर घेताना 'पाठ ठीक आहे' असं नुसतं ऐकून रजिस्टरवर सही करू नका. वॉर्डातल्या मावशींना मदतीला घ्या, रुग्णाला, किंवा शुद्धीत नसेल तर त्याच्या घरच्यांना, सांगा की मी तुम्हाला वळवतेय, कूस बदला, पाठ स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि मग सही करा.

चला, आता नाच होऊ द्या.