मनोरुग्ण आप्ताची विडी आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या येलदरी येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार, वधूवर-परिचय, शिष्यवृत्तीचा निधी हे विषय आपल्या संमेलनात नित्य निघतात. ज्या घरात दीर्घकाळ मनोविकाराने पीडलेला माणूस आहे, त्या घराविषयी मात्र कोणी चकार शब्द काढीत नाही. सोयरिकीला बाध येईल या भयाने घरची मंडळीही मौन पाळतात. तो ओसरीच्या कोपऱ्यात बसतो, आणि शांत राहावा म्हणून रोज सकाळी विड्यांचे बंडल त्याच्या हाती दिले जाते. आज आम्ही त्या बंडलाविषयी बोलणार आहोत. आम्ही वैद्य नव्हे, शाळामास्तर. जाणकारांकडून जे समजून घेतले, तेवढेच सांगतो.

“बिचाऱ्याला तेवढेच एक सुख,” असे आपण म्हणतो. भावना दयेची खरी, परंतु तिचा परिणाम पाहा. छिन्नमनस्कतेसारख्या तीव्र मनोविकारांच्या रुग्णांचे आयुष्य इतरांपेक्षा सुमारे १० ते २० वर्षांनी कमी भरते. त्यांतील पुष्कळसे हृदयविकार, फुप्फुसांचे रोग व कर्करोग यांनी जातात, आणि या तिन्ही रोगांना तंबाखूचा धूर खतपाणी घालतो.

“विडीने त्याचे डोके शांत होते,” हा दुसरा समज. निकोटिनची सवय जडलेल्या देहाला दोन विड्यांमधील अवकाशात तगमग होते, आणि पुढची विडी ती तगमग शमविते. जिने आग लावली, तीच ती विझविते! २०१४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण प्रसिद्ध झाले. धूम्रपान सोडणाऱ्यांची चिंता व उदासीनता कमी झाल्याचे त्यात आढळले, आणि मनोविकार असलेलेही त्यास अपवाद नव्हते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. विडीच्या धुरातील द्रव्यांमुळे यकृत क्लोझापिन व ओलान्झापिन ही औषधे अधिक वेगाने निचरून टाकते. म्हणून विडी ओढणाऱ्यास मात्रा अधिक लागते. आपल्या पूर्णेवरील या धरणाचेच उदाहरण घ्या. वरून येणारे पाणी तितकेच राहिले आणि दरवाजे मिटले, तर जलाशय चढतो. तद्वत विडी एकाएकी थांबली की तीच मात्रा रक्तात आठवडा-दोन आठवड्यांत चढते.

आमच्या माहितीतील एका तरुणाने विडी अशीच सोडली. पंधरवड्यात तो दिवसभर झोपू लागला, लाळ गळू लागली, चालताना झोक जाऊ लागला. “विडी सोडली म्हणूनच बिघडला,” असे म्हणून वडील पुन्हा बंडल घेऊन आले. आई मात्र अडून बसली: “आधी डॉक्टरांना विचारू.” डॉक्टरांनी मात्रा उतरविली आणि मुलगा सावरला. ती माउली फारशी शिकलेली नाही. पण त्या दिवशी तिने जे केले, ते आपण सर्वांनी शिकावे. म्हणून विडी सोडण्यापूर्वी डॉक्टरांस सांगावे, आणि औषध आपल्या मताने कमी-अधिक करू नये. विडीऐवजी तंबाखू-चुना देणे हाही उपाय नव्हे. धूर थांबल्याने औषधाचे गणित बदलतेच, शिवाय मुखाचा कर्करोग दारी येतो.

साह्य उपलब्ध आहे. निकोटिनचा डिंक किंवा पट्टी डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या, ८,१४४ जणांवरील मोठ्या प्रयोगात सुमारे निम्मे मनोविकाराचे रुग्ण होते. व्हॅरेनिक्लिन व बुप्रोपिऑन या औषधांनी मनोविकार लक्षणीय वाढल्याचे त्यात दिसले नाही. इंग्लंडमध्ये ५२६ तीव्र मनोरुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, विशेष साह्य मिळालेल्यांपैकी शेकडा १४ जण सहा महिन्यांनी धूम्रपानमुक्त होते. इतरांत शेकडा ६. आकडे लहान आहेत, पण अशक्य म्हटलेले शक्य आहे एवढे ते सांगतात. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६ आणि मनःस्वास्थ्यासाठी १४४१६ हे शासनाचे विनामूल्य दूरध्वनी क्रमांक घरातील भिंतीवर लिहून ठेवावेत.

पहिले काही आठवडे चिडचीड व निद्रानाश होईल. त्या दिवसांत हाताला काम, तोंडाला बडीशेप आणि सोबतीला माणूस द्यावा. एकदा विडी पुन्हा पेटली म्हणून त्यास बोल लावू नये; पुन्हा आरंभ करावा. घरातील इतरांनी त्याच्यासमोर ओढू नये. आणि विडीचे आमिष दाखवून त्याच्याकडून पाणी भरून घेण्याची, चौकात त्याची थट्टा करण्याची जी रीत गावोगाव दिसते, ती तरी आपल्या ज्ञातीने आजपासून बंद करावी.

बंधुभगिनींनो, पुढील संमेलनास येताना त्या आप्तासही घेऊन या. आपल्या पंगतीत त्याचे पान मांडले जावे, एवढेच आमचे मागणे आहे.