जत्रा उठल्यावर शहराच्या पदरांत काय?

(निफाड तालुक्यांतील एका गांवीं, शाळेच्या पटांगणांत तेथील शिक्षकांनीं केलेलें भाषण)



जत्रा म्हटली कीं आपल्याला पाळणे, रेवड्या नि बैलबाजार आठवतो. पण शहरांत लाखों माणसें उतरतात आणि निघून जातात, त्यानंतर मागें काय उरलें याचा हिशेब कोणी मांडीत नाहीं. आपण नाशकाच्या खालच्या अंगाला राहतों. तेथलें पाणी, मग तें कसेंही असो, आपल्याच शिवारांत येतें.

दर बारा वर्षांनीं नाशिक-त्र्यंबकास सिंहस्थ भरतो. स्नानाला कोणीं जावें हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी त्यांत पडत नाहीं. २७ ऑगस्ट २००३ रोजीं रामकुंडाच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसें मेलीं. पुढें २०१५ सालीं बंदोबस्त सुधारला, शहराबाहेरून वळणारे रस्ते झाले. त्यांवरून आज आपलीं द्राक्षें नि टोमॅटो जातात. चांगलें तें चांगलेंच म्हणावें.

पण नदीचें काय केलें? गर्दीला उभें राहतां यावें म्हणून मागें कुंडांच्या तळाशीं काँक्रीट ओतलें. विहिरीच्या तळाला गिलावा केला तर झरा कोठून फुटेल? हें विहीर खणणाऱ्या गड्यालाही कळतें, मोठ्या पगाराच्या इंजिनियराला कळलें नाहीं! २०१५ हें दुष्काळाचें साल. तरी गंगापूर धरणाचें पाणी स्नानासाठीं सोडलें, आणि तो वाद हायकोर्टापर्यंत गेला. एप्रिल २०१६ मध्यें रामकुंड कोरडें पडलें, आणि त्याच ऑगस्टांत पूर शहरांत शिरला. पूर पावसानें येतो हें खरें. पण काठ आवळलेल्या नदीनें पसरावें कोठें?

साधुग्रामासाठीं तपोवनांत जमीन लागते. काम कांहीं महिन्यांचें, पण आरक्षणाचा शिक्का मात्र वर्षानुवर्षें. शेतकऱ्याला त्या जमिनीवर ना घर बांधतां येत, ना ती सुखानें विकतां येत. २०२५ च्या अखेरीस तेथलीं शेंकडों झाडें तोडण्याचा बेत निघाला, तेव्हां नाशिककर रस्त्यावर आले. आणि गर्दी उठल्यावर घाण उपसणारे हात कोणाचे असतात, तें या सभेला सांगावयास नको.

हें आपल्याकडेच होतें असें नाहीं. कॅनडांत माँट्रियल शहरानें १९७६ सालीं ऑलिंपिक भरविलें. खेळ पंधरा दिवसांचा, पण त्याचें कर्ज फिटलें २००६ सालीं! तें फेडण्यास तंबाखूवर खास कर बसविला होता. म्हणजे खेळ पाहिला कोणी, आणि चिलीम ओढणारा मजूर तीस वर्षें पैसे भरीत राहिला.

आतां २०२७ च्या सिंहस्थासाठीं पुन्हां मोठा पैसा निघतो आहे. त्यांतला पहिला रुपया गटारांवर पडावा, घाटांच्या शोभेवर नव्हे. मैलापाणी शुद्ध न करतां नदींत सोडूं नये, तपोवनांतल्या शेतकऱ्याला आरक्षणाच्या सबंध काळाचा मोबदला मिळावा, आणि सफाई करणाऱ्यास कायमची नोकरी असावी, असा ठराव मीं लिहून आणला आहे. तो येत्या ग्रामसभेंत मांडावयाचा आहे. कागद या टेबलावर ठेवतों. सरपंचबाई, पहिली सही आपली हवी. ज्यांना लिहितां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाईची गादी आणली आहे.