खरखरत्या तबकड्यांचे राजकारण

(पक्षाच्या युवक अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



पाश्चात्त्य तरुणांच्या कर्कश संगीतावर समाजवादी अभ्यासवर्गात बोलण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न काही ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या मनात आला असेल. पंक आणि मेटल म्हणजे सुखवस्तू पोरांचा धांगडधिंगा, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती वस्तुस्थितीला धरून नाही. मेटल उगवले ते बर्मिंगहॅमच्या कारखानदारी वस्तीत. 'ब्लॅक सॅबथ'चा गिटारवादक टोनी आयोमी पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. तेथे यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोके तुटली. जायबंदी बोटांना सोसाव्यात म्हणून त्याने पुढे तारा सैल केल्या, आणि त्यातून निघालेला जड, खालचा स्वर ही या संगीताची ओळख झाली.

आज मला बोलायचे आहे ते या संगीताच्या संकलित तबकड्यांविषयी. एका तबकडीवर अनेक वाद्यवृंद, प्रत्येकाचे एक-दोन गाणी. यामागे प्रथम साधे अर्थकारण होते. स्वतःची संपूर्ण तबकडी काढणे नवख्या मुलांच्या ऐपतीबाहेरचे. खर्च आणि जागा वाटून घेतली की ते शक्य होई. १९८२ साली लॉस एंजेलिसच्या ब्रायन स्लेगल या तरुणाने 'मेटल मॅसकर' हे संकलन काढले, ते असेच उसनवारी करून. पुढे जगप्रसिद्ध झालेला 'मेटॅलिका' हा वृंद तबकडीवर प्रथम ऐकू आला तो येथेच, आणि वेष्टनावर त्याचे नावसुद्धा चुकीचे छापले गेले होते!

इंग्लंडमध्ये 'क्रॅस' या पंक वृंदाने तर १९८० साली, लोकांनी पाठवलेल्या कच्च्या ध्वनिफितींतूनच 'बुलशिट डिटेक्टर' हे संकलन सिद्ध केले. त्यात सूर ढळतो, ताल चुकतो, फितीची खरखर ऐकू येते. 'क्रॅस' आपल्या तबकड्यांच्या वेष्टनावर कमाल किंमत छापत असे. हेतू हा की दुकानदाराने जास्त पैसे उकळू नयेत. या ओबडधोबडपणातच त्यांचे आकर्षण आहे. घोटीव ध्वनिमुद्रण श्रोत्याला प्रेक्षागृहात बसवते; हे कच्चे गाणे त्याला सांगते की तूही हे करू शकतोस. जानेवारी १९८२ मध्ये ब्रिटनमधील नोंदलेल्या बेकारांची संख्या तीस लाखांवर गेली. ज्या पिढीला तिची गरजच नाही असे बाजाराने बजावले होते, तिला हा निरोप किती मोलाचा वाटला असेल याची कल्पना करा.

परंतु येथे दोन सावधगिरीचे इशारे दिले पाहिजेत. पहिला असा की भांडवलाला कच्चेपणाही विकता येतो. १९७७ साली लंडनच्या रॉक्सी क्लबमधील कार्यक्रमांची तबकडी निघाली. दोन गाण्यांमधील श्रोत्यांची बडबडही तीत आहे. पण ती काढली ई.एम.आय. या बलाढ्य कंपनीने.

दुसरा इशारा अधिक गंभीर आहे. संताप स्वतःहून डावा नसतो. १९८१ साली 'स्ट्रेंग्थ थ्रू ऑय!' हे कामगार वस्त्यांतील पंक वृंदांचे संकलन निघाले. त्याच्या नावात नाझी घोषणेचा ध्वनी होता आणि मुखपृष्ठावर नवनाझी संघटनेचा एक कार्यकर्ता झळकत होता. त्यातील सर्वच वृंद वंशद्वेष्टे नव्हते. अनेकांनी तो आरोप नाकारला. तथापि त्याच वर्षी ३ जुलैला साउथॉल या पंजाबी वस्तीतील एका मद्यगृहात अशा वृंदांचा कार्यक्रम ठेवला गेला. बाहेरून आलेल्या टोळक्यांनी दुकानांवर हल्ले केले, स्थानिक आशियाई तरुण प्रतिकाराला उतरले, आणि रात्री ते मद्यगृह जळाले. दोन्ही बाजूंना होती ती एकाच मंदीची मुले.

याउलट उदाहरणही त्याच देशातले आहे. १९७६ मध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही चळवळ उभी राहिली. तिने पंक आणि कृष्णवर्णीयांचे रेगे ही दोन्ही संगीते एका मंचावर आणली. ३० एप्रिल १९७८ रोजी ट्रॅफल्गर चौकातून हजारो तरुण मोर्चाने लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये गेले. रॉक्सीच्या तबकडीवर ओरडून गाणारी पॉली स्टायरीन, एका सोमाली पित्याची मुलगी, तेथे 'क्लॅश' आणि 'स्टील पल्स' यांच्यासह गायली. १९८० मध्ये या चळवळीनेही आपले संकलन काढले. फरक पडला तो संघटनेमुळे. एका ठिकाणी डावे कार्यकर्ते त्या गोंगाटात जाऊन उभे राहिले; दुसऱ्या ठिकाणी ती जागा वंशद्वेष्ट्यांना मोकळी सापडली.

अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या डफाचा वारसा सांगणाऱ्या आपल्याला हे नवे नाही. तरीही आजच्या मुलांचे गाणे कानावर पडताच आपण नाक मुरडतो. युवक शाखांनी आपापल्या वस्तीतील मुले काय गातात, कोठे सराव करतात, त्यांना जागा आणि वाद्ये कोण पुरवतो, याची आधी माहिती घ्यावी. ती आपण पुरवली नाहीत तर कोणीतरी पुरवीलच, आणि गाण्याबरोबर आपला द्वेषही त्यांच्या हाती देईल.